शिलाई मशीनवरची गाडी

सासरे रोज सकाळी आमच्या उभ्या गाडीत जाऊन बसतात, ही बातमी मला वॉचमनकडून कळली. घरातल्या बातम्या मला बहुधा बाहेरूनच कळतात, त्यामुळे त्यात नवीन काही नव्हतं. नवीन होता तो वॉचमनच्या चेहऱ्यावरचा कळवळा.

"दहा ते बारा," तो म्हणाला. "काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. काल विचारलं, आजोबा, कुठे निघालात? तर म्हणाले, निघालो असतो, पुढे ट्रॅफिक आहे."

गाडीची किल्ली बायकोच्या पर्समध्ये असते आणि पर्स बायकोबरोबर तिच्या शाळेत असते. पण ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराचं लॉक वर्षभरापासून बिघडलेलं आहे. ही गोष्ट आजवर एकाही चोराच्या लक्षात आलेली नाही. सासऱ्यांच्या ती पहिल्याच दिवशी लक्षात आली.

बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चौतीस वर्षं बस चालवली. चौतीस वर्षांत एकही अपघात नाही, असं प्रशस्तिपत्रक त्यांच्याकडे आहे. दोन महिन्यांपूर्वी ते आमच्याकडे राहायला आले तेव्हा एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात ही फ्रेम. ती हॉलमध्ये लागली. तिथे आधी माझं 'उत्कृष्ट कर्मचारी' हे प्रशस्तिपत्रक होतं. ते आता बाथरूमच्या वाटेवर आहे. तिथे ते जास्त लोकांच्या नजरेला पडतं, असं बायकोचं म्हणणं.

मी जन्म-मृत्यू नोंदणी विभागात वरिष्ठ लिपिक आहे आणि मला गाडी चालवता येत नाही. गाडी बायको चालवते, मी शेजारी बसून पार्किंगच्या पावत्या सांभाळतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तरी बाबा मला 'साहेब' म्हणतात. ज्या सुरात ते हा शब्द उच्चारतात, त्या सुरात इतर लोक 'अरेरे' म्हणतात.

बाबांना आमच्याकडे आणण्याचं कारण डोळे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे, डाव्या बाजूची नजर बरीच गेली आहे, आता गाडी चालवायची नाही. लायसन्सचं नूतनीकरणही त्यामुळे राहिलं. बाबांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर विचारलं, "ह्या डॉक्टरनं कधी घाट चढवलाय?"

"बाबा, डोळ्यांचा आणि घाटाचा काय संबंध?" बायको म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. त्याला संबंधच माहीत नाही."

हे एवढ्यावर थांबलं असतं. पण त्यांच्या जुन्या डेपोत निवृत्त ड्रायव्हरांचा मेळावा भरणार होता. साठ किलोमीटरवर, सहा आठवड्यांनी. बाबांनी जाहीर केलं की मेळाव्याला आपण स्वतः गाडी चालवत जाणार. इतक्या ड्रायव्हरांसमोर कुणाच्या तरी शेजारी बसून उतरायचं, त्यापेक्षा न गेलेलं बरं. बायकोने समजावलं, मग रागावली, मग रडली. बाबा तिन्ही वेळा पेपर वाचत होते. शेवटी ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही तरी काहीतरी करा."

आमच्या संसारात हे वाक्य फार क्वचित उच्चारलं जातं. मी काहीतरी केल्याचे परिणाम तिला ठाऊक आहेत.

उपाय मला ऑफिसात सापडला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने सांगितलं की हल्ली कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ मिळतो, त्याला खरंखुरं स्टिअरिंग आणि पायाशी पेडलं जोडायची, की घरबसल्या गाडी चालवल्याचा आनंद. मी तिथल्या तिथे निर्णय घेतला. बाबांना घरात गाडी द्यायची. मन रमेल, हाताला काम मिळेल आणि मेळाव्याचा हट्ट आपोआप विरून जाईल. इतकी सुबक योजना माझ्या डोक्यातून ह्यापूर्वी कधी निघाली नव्हती. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

स्टिअरिंग परदेशातून यायचं होतं. ते आलं, पण घरी आलं नाही. 'आपले पार्सल वर्गीकरणासाठी थांबविण्यात आले आहे' असं पत्र आलं. मी अर्धी रजा टाकून आयात विभागाच्या खिडकीवर गेलो. आत चष्मा कपाळावर ठेवलेले एक कारकून होते.

"वस्तू?"

"स्टिअरिंग व्हील. खेळण्याचं."

"खेळणं की वाहनाचा सुटा भाग?"

"खेळणं."

"मुलाचं वय?"

"पंचाहत्तर."

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "खेळण्याच्या रकान्यात चौदाच्या वर वय बसत नाही. सुटा भाग लिहितो. वाहनाचा नोंदणी क्रमांक?"

"वाहन नाही."

"वाहन नाही, आणि स्टिअरिंग आहे?"

"वाहन कॉम्प्युटरमध्ये आहे."

"मग कॉम्प्युटरचा नोंदणी क्रमांक?"

दुसरा कुणी असता तर चिडला असता. पण मी स्वतः बावीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेलो माणूस. बाळाचं नाव ठरलं नसेल तर पुढच्या खिडकीवर जा, असं मी हजारो बापांना सांगितलेलं आहे. त्या कारकुनाचं काम बघून मला मनातून दाद द्यावीशी वाटली. रेषेबाहेर एक शब्द नाही! तीन फेऱ्यांनंतर त्यांनी तोड काढली. मी प्रतिज्ञापत्र लिहून द्यायचं, की 'सदर स्टिअरिंगच्या साहाय्याने मी कोणतेही वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवणार नाही.' मी ते निर्मळ मनाने लिहून दिलं. आयुष्यभर पाळलेली गोष्ट कागदावर आली, एवढंच.

खोक्यात एक स्टिअरिंग होतं, दोन पेडलांची एक पाटी होती, टेबलाला आवळायचे दोन चाप होते आणि अकरा भाषांतली माहितीपुस्तिका होती. आपली बारावी असावी. पुस्तिकेतल्या चित्रात एक तरुण स्टिअरिंग धरून हसत होता. त्याचं टेबल कुठलं, हे चित्रात कुठेच नव्हतं, आणि खरी मेख तिथेच होती.

आमच्या जेवणाच्या टेबलाची कड जाड आणि नक्षीदार. चाप तिच्यावर बसेना. इस्त्रीच्या टेबलावर तो छान बसला, पण स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की टेबल डावीकडे फिरे. खिडकीच्या कठड्यावर लावलं तर गाडी चालवणाऱ्याचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ टीव्हीच्या पडद्याकडे. हे सगळं चाललं असताना बेल वाजली आणि समोरच्या फ्लॅटमधले इंजिनीअरकाका आत आले. काका बॉयलरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मजल्यावर कुठेही स्क्रू पिळला की त्यांना ऐकू जातं.

त्यांनी हात मागे बांधून सगळ्या प्रयोगांची पाहणी केली आणि म्हणाले, "पाया. तुमच्याकडे पायाच नाही."

"टेबल आहे की."

"टेबल म्हणजे पाया नव्हे. पाया म्हणजे लोखंड." त्यांची नजर खोलीभर फिरली आणि कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर थांबली. "हे बघा. असा पाया हल्ली मिळत नाही."

ते माझ्या सासूबाईंचं मशीन. पायाने चालवायचं, लोखंडी पायांचं, दोन माणसांना न उचलवणारं. सासूबाई गेल्यावर बायकोने ते हौसेने आणून ठेवलं होतं. "आईच्या मशीनला एकही भोक पडता कामा नये," तिने दारातूनच बजावलं. काका म्हणाले, भोक कशाला? मशीन आत मिटवलं, वर फळी पसरली, फळीला चाप अचूक बसला. खालची पाय मारायची लोखंडी जाळी तारेने घट्ट बांधून तिच्यावर पेडलांची पाटी ठेवली. समोर टीव्ही आणला, त्याला कॉम्प्युटर जोडला. मी वायर भिंतीत खोचली आणि स्टिअरिंग नीट बसलंय का हे बघायला त्याच्या मधल्या दांड्यात अंगठा घालून ओढून पाहिलं.

अशी स्टिअरिंगं चालू होताक्षणी स्वतःची मापं स्वतः घेतात. आधी पूर्ण डावीकडे गरकन फिरतात, मग पूर्ण उजवीकडे. हे पुस्तिकेत होतं, अकराही भाषांत. स्टिअरिंगने माप घेतलं. माझ्या अंगठ्याचंही घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी बँडेज बांधून हजेरीपटावर डाव्या हाताने सही केली. मोठ्या साहेबांनी विचारलं, "काय झालं?"

"गाडी चालवताना," मी म्हणालो.

"तुम्हाला येते?"

मी बँडेज टेबलाखाली घेतलं.

पुढची अडचण खुर्चीची. आमच्याकडे कॉम्प्युटरची खुर्ची चाकांची आहे. खेळातल्या गाडीचा ब्रेक चांगला कडक असतो. मी तो जोरात दाबला, पडद्यावरची गाडी तशीच पुढे गेली आणि मी मागे गेलो. काचेच्या कपाटाला खुर्ची थडकली तेव्हा कपबश्यांचा जो आवाज झाला, तो ऐकून बायको धावत आली आणि तिने आधी कपबश्यांकडे पाहिलं. काकांनी खुर्ची दोरीने मशीनला बांधून टाकली. आता ब्रेक दाबला की खुर्ची जागेवर राहायची आणि कंबर मागे जायची.

मग कळलं की कॉम्प्युटरला आमची पेडलं उलटी दिसतात. पाय उचलला की गाडी सुसाट आणि पाय दाबला की थांबते. शिवाय रस्त्याचे खाचखळगे हाताला जाणवावेत म्हणून त्या स्टिअरिंगमध्ये मोटर असते, तिचीही दिशा उलटी लागलेली. सरळ जायचं म्हणावं तर ते मनगटं पिरगळून शेजारच्या शेतात नेई. मदतीच्या फोनवर एका मुलीने माझा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा असल्याचं चाळीस मिनिटं सांगितलं. शेवटी काका आणि मी मिळून सत्तेचाळीस पट्ट्या एकेक करून सरकवत बसलो. एक पट्टी सरकवायची, गाडी कुठे आदळते ते बघायचं, वहीत लिहायचं. काकांनी ह्या कामाला 'चाचणी' असं नाव दिलं होतं. चाचण्यांमध्ये गाडी एकशे बारा वेळा आदळली. प्रत्येक आदळण्याला स्टिअरिंग थरथरे, त्याने मशीन थरथरे, आणि लोखंडी पायांतून ती थरथर फरशीत उतरे.

फरशीखाली दातांचा दवाखाना आहे. तिसऱ्या दिवशी तिथले दंतवैद्य हातमोज्यांसकट वर आले.

"तुम्ही वर काय करता, हे मला विचारायचं नाही," ते अतिशय सभ्यपणे म्हणाले. "पण खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसतो. मी अजून हात लावलेला नसतो. आणि छतातून ड्रिलचा आवाज येतो. आज दोन जण उठून गेले. एकाच्या गळ्यात माझा नॅपकिन होता."

मी क्षमा मागितली. काकांनी मशीनच्या प्रत्येक पायाखाली रबराची चकती घातली. पुराव्यादाखल दंतवैद्यांना बसवून एक फेरी मारायला लावली. ते पहिल्या वळणावर आदळले, म्हणाले, "पुन्हा एकदा," आणि त्यानंतर त्यांची तक्रार आली नाही. ते स्वतःच येऊ लागले.

ह्या आठ दिवसांत बाबा हॉलच्या दुसऱ्या टोकाला पेपर वाचत बसले होते. फक्त मी आदळलो की पान उलटायचे. नवव्या दिवशी सगळं जागेवर आलं. मी हात पुसले आणि म्हणालो, "बाबा, तुमच्यासाठी आहे हे."

ते उठून आले. फळीवर हात ठेवला. "हे तिचं मशीन."

"हो. पण काही तोडलेलं नाही. आतमध्ये तसंच आहे."

"माझ्या वर्दीच्या पँटी हिच्यावर शिवायची ती," ते म्हणाले. मग त्यांनी मशीनला एक पूर्ण फेरी मारली, वाकून खाली पाहिलं, तार ओढून बघितली, आणि बसले.

"आरसा?"

मी पडद्यावरचा आरसा दाखवला.

"हॉर्न?"

मी बटण दाखवलं.

"माणसं चढली?"

"बाबा, ही शर्यतीची गाडी आहे. ह्यात माणसं नसतात."

"मग चालवायची कुणासाठी?"

ह्याचं उत्तर पुस्तिकेत नव्हतं. बाबांनी गाडी सुरू केली. ताशी तीनशे किलोमीटर जाणारी ती लाल-पिवळी गाडी त्यांनी पंचवीसच्या वेगाने काढली. बाकीच्या अकरा गाड्या क्षणात दिसेनाशा झाल्या, मग मागून येऊन पुन्हा पुढे गेल्या. बाबा कडेने शांतपणे चालले होते. एक फेरी पूर्ण झाली, तेव्हा ते म्हणाले, "हा तर तोच पूल आला."

"गोल रस्ता आहे, बाबा. फिरून तिथेच यायचं."

"तिथेच यायचं, तर निघायचं कशाला?"

दुसऱ्या फेरीत त्यांना कडेला टायर बदलायची जागा दिसली. तिथे एकसारखे कपडे घातलेली माणसं ओळीने उभी होती. बाबांनी गाडी आत घेतली आणि अचूक त्यांच्यासमोर उभी केली. माणसांनी धावत येऊन चारही टायर बदलले. बाबांचा चेहरा उजळला. त्यानंतर ते प्रत्येक फेरीला तिथे थांबू लागले. "माणसं उभी आहेत, तर थांबायला नको?" ते म्हणत. "आणि भली माणसं आहेत. न मागता टायर बदलतात. आमच्या डेपोत तीन अर्ज करावे लागायचे."

ते बारावे आले. बारा गाड्यांत. दंतवैद्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून बाबांचं उभ्या गाडीत जाऊन बसणं बंद झालं. दहा ते बारा ते मशीनवर असत. पंधरा दिवसांत वेग वाढला, हाताला वळणं बसली, थांबे कमी झाले. काका त्यांच्या वेळा वहीत टिपत. बाबा बारावरून नववे आले, नवावरून सहावे. घरात शांतता होती. मी दोन-तीनदा बायकोसमोरून उगीचच गेलो, शाबासकी देणं तिला सोपं जावं म्हणून.

शाबासकीऐवजी एका सकाळी बाबांचा आवाज आला. "हात अजून आहे तसाच आहे. मला उगाच शंका येत होती. मेळाव्याला गाडी मीच काढणार."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"अहो, मी तुम्हाला काय सांगितलं होतं? त्यांचं मन दुसरीकडे वळवा. आणि तुम्ही काय केलंत? रोज दोन तास त्यांचा सराव करून घेतलात!"

ती शब्दशः खरं बोलत होती. मी आयात विभागाशी लढलो होतो, अंगठा दिला होता, कंबर दिली होती, आणि एवढ्या कष्टाने अर्ध्या नजरेच्या माणसाला शर्यतीसाठी तयार केलं होतं. "किल्ली माझ्याकडेच आहे म्हणून बरं," ती म्हणाली. "ती मी आता उशीखाली घेऊन झोपणार."

मेळाव्याच्या आधीचा रविवार. बाबांनी काकांना आणि दंतवैद्यांना मुद्दाम बोलावलं होतं. आज पहिल्या तिघांत येऊन दाखवतो, म्हणजे मुलीच्या मनातली भीती जाईल, असा त्यांचा हिशेब. बायको येईना. मग आली आणि हाताची घडी घालून दाराशी उभी राहिली.

बाबा सुरेख चालवत होते. हे मला कबूल केलंच पाहिजे. सातव्या नंबरवरून पाचवर आले, एकालाही न घासता. काका कुजबुजले, "काय हात आहे!" मग एका डाव्या वळणावर बाबांनी गाडी वळवली आणि धाडकन आदळली. एक निळी गाडी त्यांच्या बाजूला लागून होती.

"हा कुठून घुसला?" बाबा ओरडले.

"घुसलाच तो," काका म्हणाले.

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा पाचवा नंबर, पुन्हा डावं वळण. ह्या वेळी पांढरी गाडी होती. बाबा म्हणाले, "कॉम्प्युटर लबाडी करतो. हरायला आला की कट मारतो." काकांनी मान डोलावली. मीही डोलावली. भल्या माणसाच्या बाजूने मान डोलावणं ह्यात मी तरबेज आहे.

दंतवैद्यांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. "थांबा, चुकी कुणाची ते आत्ता कळेल," ते उत्साहाने म्हणाले, आणि त्यांनी एक बटण दाबलं. त्या खेळात झालेली शर्यत पुन्हा बघता येते, वरून, मागून, हवी तशी. बाबांना हे माहीत नव्हतं. मलाही त्याचा विसर पडला होता.

पडद्यावर रस्ता वरून दिसू लागला. बाबांची लाल-पिवळी गाडी चालली होती. तिच्या डाव्या अंगाला पांढरी गाडी होती. ती घुसली नव्हती. ती कधीची तिथेच होती. मागच्या वळणापासून, त्याच्या आधीच्या सरळ रस्त्यापासून, दाराला दार लावून चालली होती. वळण आलं आणि बाबांनी जणू तिथे काहीच नाही अशी गाडी तिच्यावर घातली.

"पुन्हा लाव," बाबा म्हणाले.

दंतवैद्यांनी पुन्हा लावलं. बाबा खुर्ची सोडून उभे राहिले आणि पडद्यापासून दोन पावलं मागे येऊन बघू लागले.

"आता मी बसलो होतो तिथून दिसतं तसं लाव."

ड्रायव्हरच्या जागेवरून चित्र सुरू झालं. डाव्या खिडकीत पांढरी गाडी स्वच्छ दिसत होती. तिच्या दारावरचा आकडासुद्धा वाचता येत होता.

"ही आधीपासून होती?" बाबांनी विचारलं.

काका वही चाळू लागले. दंतवैद्यांना एव्हाना काहीतरी चुकल्याचं कळलं होतं, पण काय ते कळत नव्हतं.

"हो, बाबा," बायको दारातून म्हणाली. "आधीपासून होती."

"मला दिसली नाही." त्यांनी पडद्यावरच्या पांढऱ्या गाडीवर बोट ठेवलं. "एखादा सायकलवाला असता तर?"

मग त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशात हात घातला, दोन बोटांनी काहीतरी बाहेर काढलं आणि बायकोच्या हातात ठेवलं. ती आमच्या गाडीची किल्ली होती.

बायकोने स्वतःची पर्स उघडली. तिची किल्ली पर्समध्येच होती.

"ही तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"आलो त्याच आठवड्यात करून आणली. तू आंघोळीला गेली होतीस."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही गाडीत बसायचात ते... किल्ली खिशात ठेवून?"

"हो."

"मग काढली का नाहीत गाडी?"

"रोज काढणारच होतो," ते म्हणाले. "रोज वाटायचं, आधी डावीकडचं नीट दिसू दे."

बायकोने दोन्ही किल्ल्या पर्समध्ये टाकल्या आणि चहा ठेवायला आत गेली. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज आला नाही. काका म्हणाले की रबराच्या चकत्या एकदा तपासायला हव्यात, आणि ते, दंतवैद्य आणि मी मशीनखाली वाकून चार चकत्या अतिशय बारकाईने तपासू लागलो.

मेळाव्याच्या दिवशी गाडी बायकोने काढली. बाबा मागे बसले. "पुढे बसलो तर पाय ब्रेक शोधत राहील," म्हणाले. डेपोचं फाटक दिसलं तेव्हा म्हणाले, "जरा अलीकडेच उतरव मला. मी चालत जातो."

बायकोने अलीकडे थांबवली. बाबा उतरले, पण पुढे गेले नाहीत, कारण अलीकडे उतरणारे ते एकटे नव्हते. फाटकाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागली होती आणि प्रत्येक गाडीच्या चुकीच्या दारातून एकेक म्हातारा ड्रायव्हर उतरत होता.

"मुलगा म्हणाला, मी सोडतोच, म्हटलं सोड," एक जण बाबांना पाहून घाईघाईने म्हणाला.

"माझी गाडी सर्व्हिसिंगला आहे," दुसरा म्हणाला.

"नातीला हायवेची सवय व्हावी, म्हणून तिला दिली चालवायला," तिसरा म्हणाला. नात चाळिशीची होती.

मग सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी शर्ट खाली ओढून सरळ केला.

"मला डावीकडचं दिसत नाही," ते म्हणाले. "डॉक्टरनं सांगितलं होतं. मी मानलं नव्हतं. आता स्वतः बघितलं."

मी जमिनीकडे बघू लागलो. मग सर्व्हिसिंगवाला घसा खाकरून म्हणाला, "माझी मान वळत नाही. मागचं बघायचं म्हटलं तर सगळा मीच वळतो." नातीवाला म्हणाला, समोरून दिवे आले की त्याला नुसता पिवळा रंग दिसतो. मुलगावाल्याचा पाय ब्रेकवर जातो, पण उशिरा जातो, एकदा तर घरी पोचल्यावर गेला. एकेक जण सांगू लागला. पाहता पाहता तिथे हशा पिकला. फाटकाबाहेर उभे राहून ते डझनभर म्हातारे आपापल्या बिघाडांची अशी काही वर्णनं करू लागले, की आत मंडपात स्वागताचं भाषण करणारा माणूस दोनदा बाहेर येऊन डोकावून गेला.

"मग दिवस कसा काढतोस?" एकाने बाबांना विचारलं.

"ह्यांनी गाडी बसवून दिली आहे घरात," बाबा माझ्याकडे हात करून म्हणाले. "लोखंडी पायांची."

डझनभर ड्रायव्हरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. ज्याची मान वळत नव्हती, तो सगळाच वळला. मी बावीस वर्षांच्या नोकरीत इतक्या लोकांच्या नजरेत एकाच वेळी कधी आलो नव्हतो, निदान तक्रारीशिवाय. मी नमस्कार केला. तो जरा जास्तच खाली झाला.

परत येताना बाबा मागच्या सीटवर प्रसन्न होते. अर्धा रस्ता गेल्यावर म्हणाले, "साहेब, पुढच्या रविवारी सात जण येणार आहेत. गाडी बघायला."

"सात?" मी म्हणालो.

"आठ होते. एकाला जिने चढता येत नाहीत. त्याच्यासाठी मशीन खाली दवाखान्यात उतरवता येईल का, ते डॉक्टरांना विचारून ठेवा. रविवारी त्यांची खुर्ची रिकामीच असते."

मी डोळ्यांसमोर ते चित्र आणलं. ते मशीन उचलणारा मी, सात म्हातारे सूचना देणारे, आणि दातांच्या खुर्चीत पाठ टेकून बसलेला एक ड्रायव्हर. माझा चेहरा बघून बायकोला हसू फुटलं. आधी तिने ते दाबलं. मग तिचे खांदे हलू लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि आता आपल्याला रस्ता दिसत नाही हे लक्षात येऊन ती गाडी कडेला घेऊ लागली.

"आधी इंडिकेटर दे," बाबा मागून म्हणाले.